सत्तावीस वह्या, चौदा महिने : एका विद्यापीठ ग्रंथालयाच्या जतन विभागाचा अनुभव

बाबांच्या पावसाच्या वह्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्यायच्या, हे ठरवायला मला चार वर्षं लागली. दिल्यावर त्या पुन्हा हातात यायला आणखी चौदा महिने गेले. त्या काळात तिथल्या जतन-संवर्धन विभागात मी अकरा वेळा जाऊन आले. घरात अशी कागदपत्रं आहेत, पण ती कुणाच्या स्वाधीन करावीत हे ज्यांना ठरत नाही, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. विभागाला मी पाचपैकी चार गुण देते. एक गुण का कापला तेही पुढे येईल. ते मी विभागप्रमुख बाईंना समोरासमोर सांगितलेलं आहे.

वह्या १९५२ ते १९७८ या सालांतल्या, वर्षाला एक. बाबा रोज सकाळी ठरल्या वेळी पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचे आणि आकडा लिहायचे. आधीची वर्षं इंचांत, नंतरची मिलिमीटरमध्ये. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुन्या वह्या पुन्हा उघडल्या आणि इंचांच्या प्रत्येक आकड्याशेजारी समासात पेन्सिलीने मिलिमीटर लिहून काढले. ही पेन्सिल लक्षात ठेवा, तिच्याकडे पुन्हा यायचं आहे.

मीही या वह्यांना हात लावला होता. विशीत असताना फाटलेल्या पानांवर चिकटपट्टी लावली, आणि ट्रंकेत नॅप्थलीनच्या गोळ्या टाकून झाकण बंद केलं. पुढे कधीतरी ट्रंकेला ओल लागली. उघडली तेव्हा तीन वह्यांवर करडी बुरशी होती, दोन वह्यांच्या कण्यातून बारीक भुसा गळत होता आणि चिकटपट्ट्या तपकिरी पडून पानांत मुरल्या होत्या.

पहिल्याच दिवशी विभागाने ट्रंक प्रयोगशाळेत येऊच दिली नाही. दाराजवळ एक वेगळी छोटी खोली आहे. बाहेरून येणारं सगळं आधी तिथे थांबतं. प्रत्येक वही वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत गेली, पिशवीवर क्रमांक पडला आणि माझ्यासमोर यादी झाली. मला ते थोडं परकं वाटलं. माझ्या वडिलांच्या वह्या, आणि त्यांना असं वेगळं बसवायचं! पण त्या भिंतीपलीकडे लाखो पुस्तकं आहेत, आणि एका वहीतली कीड तिथे पोचली तर काय होईल, हे तिथल्या तरुण संवर्धकाने शांतपणे सांगितल्यावर पटलं. भुसा गळणाऱ्या वह्या पिशवीबंद करून उणे २० अंशांत दोन आठवडे ठेवल्या. बाहेर काढल्यावर पिशव्या चोवीस तास उघडल्या नाहीत, नाहीतर थंड कागदावर बाहेरच्या हवेतलं पाणी जमतं. थंडीने कीड आणि तिची अंडी मरतात, बुरशी मात्र मरत नाही, ती फक्त निपचित पडते. म्हणून बुरशीच्या वह्या आधी कोरड्या केल्या आणि मग हवा ओढून घेणाऱ्या कपाटाखाली, बारीक गाळणीच्या व्हॅक्यूमने आणि मऊ ब्रशने पान-पान झाडलं.

प्रमुख बाई मला तिसऱ्या भेटीत भेटल्या. टेबलावर एक वही, बाजूने तिरका धरलेला दिवा आणि हातात काहीच नाही. मला वाटलं होतं हातमोजे असतील. त्या म्हणाल्या, कागदाला धुतलेला, कोरडा, उघडा हात बरा. मोजा घातला की बोटाला पानाची कड कळत नाही आणि पान फाटतं. हातमोजे जुने फोटो हाताळताना.

मी माझी मागणी तयार ठेवली होती. सगळी पानं लॅमिनेट करून द्या आणि सत्तावीस वह्यांना एकसारखी, मजबूत नवी बांधणी करा. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि "नाही" म्हणाल्या. मग कपाटातून एक फोल्डर काढला. त्यात त्यांच्याच संग्रहातलं एक जुनं लॅमिनेट केलेलं पत्र होतं. पिवळं पडलेलं, कडक, कडेला सुरकुतलेलं, आणि जवळ नेलं तर व्हिनेगरचा वास. गेल्या शतकाच्या मध्यात अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी सेल्युलोज ॲसिटेटच्या पातळ पापुद्र्यात कागद उष्णतेने दाबून बसवायची पद्धत रुजवली. जगभरच्या दप्तरखान्यांनी आणि ग्रंथालयांनी ती विश्वासाने उचलली. पुढे तो ॲसिटेटच कुजायला लागला, त्यातून ॲसिड सुटायला लागलं, आणि आता तीच पानं ॲसिटोनमध्ये बुडवून सोडवत बसावं लागतं. "जे मला उद्या काढता येणार नाही, ते मी आज लावत नाही," त्या म्हणाल्या. मी लावलेली चिकटपट्टी समोरच्या पानावर होती. त्यांनी तिच्याकडे बोट दाखवलं नाही, याबद्दल मी आजही त्यांची आभारी आहे.

नव्या बांधणीचंही तसंच. मूळ शिवण, पुठ्ठा, दुकानदाराचा शिक्का हे सगळं त्या वहीच्या माहितीचा भाग आहे, ते उगाच फेकायचं नाही. सत्तावीसपैकी एकोणीस वह्यांना फक्त साफसफाई आणि मापाने कापलेली पेटी, सहा वह्यांची डागडुजी, आणि उरलेल्या दोनच वह्या सोडवून, फर्मे (म्हणजे एकत्र घडी घालून शिवलेले पानांचे जुडगे) वेगळे करून पुन्हा शिवायच्या. मला आधी ही चालढकल वाटली. एकोणीस वह्यांना काहीच करायचं नाही? पण यामागे अनुभव आहे. ४ नोव्हेंबर १९६६ला फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीचा पूर राष्ट्रीय ग्रंथालयात शिरला आणि चिखलात बुडालेली पुस्तकं वाचवायला देशोदेशींचे बांधणीकार धावले. त्यातले पीटर वॉटर्स पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये संवर्धनाचं काम पाहू लागले. लाखो पुस्तकं आणि मोजके हात, हे गणित त्यांच्यासमोर होतं. टप्प्याटप्प्याने जतन करण्याची कल्पना त्या काळात आकाराला आली. आधी सगळ्यांना चांगली पेटी, उपचार गरजेप्रमाणे आणि जमेल तेव्हा. पेटी धूळ अडवते, उजेड अडवते, बाहेरच्या हवेतली ओल आत पोचायला वेळ लावते. एका वहीवर तीन महिने घालवण्यापेक्षा त्याच वेळात शंभर पेट्या झाल्या तर संग्रहाचं भलं जास्त होतं. विभाग चालवणं म्हणजे काय, हे मला तिथे कळलं. आपल्याला काय करता येतं यापेक्षा कुठे करायचं नाही, हे ठरवायला जास्त धीर लागतो.

शायांचा भाग मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. मला वाटायचं, बाबांनी निळ्या-काळ्या शाईने लिहिलंय, संपलं. बाईंनी प्रत्येक वहीतली शाई वेगळी तपासली. जुन्या वह्यांतली लोहयुक्त होती, म्हणजे मायफळाचा अर्क आणि हिराकस यांच्या घराण्यातली. अशा शाईतलं मोकळं लोह आणि ॲसिड मिळून हळूहळू कागद खातात. बॅथोफिनॅन्थ्रोलिन नावाच्या रसायनाची कागदी पट्टी जराशी ओलसर करून अक्षरावर टेकवली, आणि ती गुलाबी झाली. मोकळं लोह आहे, याची ती खूण. मधल्या काही वर्षांत बाबांनी स्वस्त रंगाची शाई वापरली होती, ती पाण्याच्या थेंबाने पसरते. शेवटची वर्षं बॉलपेनची. बॉलपेन पाण्याला भीत नाही, पण चिकटपट्टीचा गोंद सोडवायला जी द्रावणं लागतात त्यांत तो विरघळतो.

एकाच माणसाचं अक्षर, पण प्रत्येक शाईचा शत्रू वेगळा. लोहयुक्त शाईसाठी १९९०च्या दशकात नेदरलँड्समध्ये योहान नेव्हेल यांनी कॅल्शियम फायटेटचा उपचार पुढे आणला. फायटेट मोकळ्या लोहाला बांधून टाकतं, मग दुसऱ्या अंघोळीत ॲसिड मारलं जातं. मी हे कुठेतरी वाचलं होतं आणि मोठ्या उत्साहाने सुचवलं. बाईंनी एक पान उघडून दाखवलं. वरच्या अर्ध्या भागात लोहयुक्त शाई, खालच्या अर्ध्या भागात रंगाची. पाण्यात बुडवलं तर वरचं वाचेल आणि खालचं वाहून जाईल. म्हणून त्या पानांना अंघोळ नाही. फाटलेल्या जागी जिलेटिन लावून आधी वाळवलेला पातळ जपानी कागद जेमतेम ओलसर करून बसवला, कारण ओल जास्त झाली तर लोह पाण्याबरोबर सरकून कोऱ्या कागदात शिरतं. जिथे लोहयुक्त शाई नव्हती तिथे गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरली. ती पुन्हा ओलावली की सुटते, हाच तिचा गुण.

माझ्या चिकटपट्ट्या काढायला एका माणसाचे जवळजवळ पाच आठवडे गेले. आधी गरम केलेल्या चपट्या पात्याने वरचा प्लास्टिकचा पापुद्रा उचलायचा, मग उरलेला चिकट थर रबराच्या तुकड्याने गोळा करत आणायचा, आणि शाई परवानगी देत असेल तरच द्रावण. दोन पानांवर पट्टी बॉलपेनच्या आकड्यांवरच होती. तिथला पापुद्रा निघाला, चिकटपणा बराचसा गेला, पण तपकिरी डाग राहिला. बाईंनी नोंदपत्रात लिहिलं आहे : "डाग ठेवला आहे. पुढे गेल्यास ७ आकडे धोक्यात." उपचाराआधीचे फोटो, नंतरचे फोटो, कुठला कागद, कुठली खळ, कुणी कधी काय केलं, हे सगळं त्या नोंदपत्रात आहे आणि त्याची प्रत मला मिळाली.

१९६९च्या वहीत घडी घातलेला एक निळा नकाशा निघाला, पांढऱ्या रेषांचा. तो माझ्याही लक्षात नव्हता. बाकी सगळ्या वह्यांना त्यांनी अल्कधर्मी कागदाचे फोल्डर आणि पेट्या दिल्या. लाकडाच्या लगद्याचा, तुरटी-राळ मारलेला कागद स्वतःच ॲसिड तयार करत राहतो, म्हणून भोवतीचा कागद ते शोषून घेणारा लागतो. टिकाऊ कागदाच्या आयएसओ ९७०६ या मानकात तर किमान २ टक्के कॅल्शियम कार्बोनेटएवढी अल्कली राखीव असावी असंच म्हटलं आहे. पण या निळ्या नकाशाला तोच फोल्डर मारक आहे. तो निळा रंग अल्कलीने उडतो. म्हणून नकाशाला अल्कली नसलेला वेगळा फोल्डर मिळाला आणि वहीत तो होता त्या जागी एक चिठ्ठी. एखाद्याने सगळं एकाच चांगल्या पेटीत घातलं असतं तर त्याला दोष देता आला नसता. इथे मात्र ते कुणीतरी पाहिलं.

आठव्या भेटीत मी तिथे असतानाच वरच्या मजल्यावर पाण्याचा पाइप गळायला लागला. बाईंनी टेबलावरची वही झाकली, कपाटात ठेवली आणि मगच वर गेल्या. प्रत्येक मजल्यावर एक लाल पिंप असतं : प्लास्टिकचं कापड, टिपकागद, विजेऱ्या, रबरी बूट. दाराच्या आतल्या बाजूला यादी लावलेली असते, कुठली मांडणी आधी वाचवायची याची. पाच मिनिटांत मांडणीवर प्लास्टिक पडलं. साठेक पुस्तकं भिजली होती. साध्या कागदाची उभी करून पंख्यासारखी पसरवली, मध्ये टिपकागद घातले. गुळगुळीत, चकचकीत कागदाची पुस्तकं मात्र लगेच गोठवायला गेली, कारण तो कागद एकदा ओला होऊन वाळला की पानं विटेसारखी एकमेकांना चिकटतात. ओल्या कागदावर बुरशी धरायला दोन दिवस पुरतात. मला तिथे टिपकागद कापायला बसवलं आणि मी दुपारपर्यंत बसले. संध्याकाळी बाईंनी सगळ्यांना बोलावून काय चुकलं ते विचारलं. लाल पिंपातल्या एका विजेरीचे सेल संपलेले होते. ते त्यांनी स्वतःच्या नावावर लिहून घेतलं. २००४मध्ये हवाई विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुराचं पाणी शिरलं, २०२१मध्ये केपटाऊन विद्यापीठाचं जॅगर ग्रंथालय डोंगरावरच्या वणव्यात जळालं. अशा बातम्या वाचताना मला आता ते लाल पिंप आठवतं.

बाईंचा निम्मा वेळ टेबलावर जात नाही, हेही मला दिसलं. एकदा त्या इमारतीच्या अभियंत्याबरोबर आलेख घेऊन बसल्या होत्या. विजेची बचत म्हणून रात्री कोठारातलं वातानुकूलन बंद ठेवायचा प्रस्ताव होता. त्यांनी सरळ नकार दिला नाही. तापमान ऋतूप्रमाणे सावकाश दोन-चार अंश सरकलं तर चालेल, पण आर्द्रता ६० टक्क्यांवर जाता कामा नये आणि रोज रात्री चढ, सकाळी उतार असं होऊ देणार नाही, असा मध्य त्यांनी काढला. मी बाजूला बसून ऐकत होते. कागदावर एकही थर न चढवता पाच लाख पुस्तकांचं आयुष्य वाढवणारं काम चाललं होतं आणि त्याचा फोटो कुठे लागणार नव्हता.

आता तो एक गुण. काम आठ महिन्यांत होईल असं लेखी सांगितलं होतं, चौदा लागले. माणसं चार आहेत, काम चाळीस जणांचं आहे, हे मला मान्य. पण मधल्या काळात सलग तीन महिने मला काहीच कळवलं नाही. वडिलांचं हस्ताक्षर दुसऱ्याच्या ताब्यात देऊन बसलेल्या माणसाला दोन ओळी पुरतात, त्याही आल्या नाहीत. सुपूर्द करण्याचा अर्ज इतक्या अवघड शब्दांत आहे की मी तो दोनदा घरी नेऊन वाचला. आणि खाजगी कागदपत्रांसाठी सल्ला महिन्यातून एकाच दुपारी मिळतो. प्रत्यक्ष उपचार फक्त ग्रंथालयाच्या मालकीच्या वस्तूंवर. म्हणजे वह्या देऊन टाकल्याशिवाय त्या दुरुस्त होत नाहीत. हे पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगायला हवं.

सगळ्यात मोठी चूक डिजिटल प्रतींत झाली. फोटो काढण्याचं काम ग्रंथालयाच्या दुसऱ्या शाखेकडे आहे. त्यांनी पानांचे फोटो छान, स्वच्छ काढले आणि कडा नीट दिसाव्यात म्हणून समास कापला. बाबांची पेन्सिल गेली. अकरा वर्षांचे मिलिमीटर कुठल्याही प्रतीत नव्हते. मी बाईंना फोन केला तेव्हा माझा आवाज चढलेला होता. त्यांनी सबब सांगितली नाही, दुसऱ्या शाखेवर ढकललं नाही. पुढच्या आठवड्यात अकरा वह्यांचे फोटो पुन्हा घेतले, पूर्ण पान आणि कडेला मोजपट्टी ठेवून, आणि समास न कापण्याचा नियम आता त्यांच्या सूचनापत्रात छापलेला आहे. त्याची प्रत मी मागून घेतली.

शेवटच्या भेटीत मी वाचनकक्षात १९५६ची वही मागवली. फोमच्या उतरत्या ठोकळ्यांवर ती अर्धवट उघडून ठेवली होती, पानावर कापडी नळीत मणी भरलेलं लांब वजन. मी समास शोधला. पान एरवी स्वच्छ होतं, धूळ गेलेली, बुरशीची छाया पुसट झालेली. समासाची पट्टी मात्र तशीच मळकट होती. वर-खाली, सगळ्या पानांना, बोटभर रुंद.

नोंदपत्र उघडलं. "समास : साफसफाईचा स्पंज वापरलेला नाही. पेन्सिलीचे आकडे." खाली तारीख होती, माझ्या तिसऱ्या भेटीची. मी तेव्हा लॅमिनेशनबद्दल बोलत होते, आणि पेन्सिलीविषयी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.